लहान धंद्याला सोशल मीडिया आधार की भाड्याची जागा? माझं मत: आधार

कागदवेडी (धागाकर्ती)

मी हाताने वह्या बांधते, बारा वर्षं झाली. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळवायच्या दोनच वाटा होत्या. एक, ओळखीच्यांनी पुढे सांगायचं. दुसरी, प्रदर्शनात टेबल घ्यायचं आणि दोन दिवस उभं राहायचं. दुकानात माल ठेवायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: महिन्याला किती नग देणार? माझ्या दोन हातांतून जेवढे नग निघायचे तो आकडा सांगितला की बोलणं तिथेच संपायचं.

मग मी काम करतानाचे छोटे व्हिडिओ टाकायला लागले. पानांचे जुडगे दोऱ्याने शिवताना, पुठ्ठ्यावर कापड ओढून कोपरे दुमडताना. 'विकत घ्या' असं त्यात एकदाही म्हटलं नाही. शिवलेली वही सपाट उघडते आणि नुसती डिंकाने चिकटवलेली हाताने दाबून धरावी लागते, हे मी तोंडाने शेकडो वेळा सांगितलं होतं. वीस सेकंदांत ते लोकांना दिसलं. आज माझ्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी अशा माणसांकडून येतात ज्यांना मी कधी भेटलेले नाही.

लहान धंद्यासाठी गेल्या वीस वर्षांत इतकी मोठी सोय दुसरी झालेली नाही असं मला मनापासून वाटतं. पूर्वी जाहिरात करायची तर आत शिरायलाच मोठी रक्कम लागायची, आणि ज्यांचा वह्यांशी काही संबंध नाही अशा हजारो लोकांना ती दाखवण्याचे पैसेही मीच द्यायचे. इथे थोड्या पैशांत फक्त सुलेखन करणाऱ्यांना, रोजनिशी लिहिणाऱ्यांना, स्केच काढणाऱ्यांना दाखवता येते. फेसबुकवर जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, पण जागा नुसती सर्वात मोठ्या बोलीला जात नाही. बघणारा माणूस पुढे काही करेल याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, हेही त्यात धरतात. नेमक्या माणसाला नेमकी वस्तू दाखवणारा लहान विक्रेता मोठ्या बोलीला मागे टाकू शकतो तो यामुळेच.

वेगळं मत असलेल्यांनी जरूर लिहा, विशेषतः स्वतः धंदा करणाऱ्यांनी.

जमाखर्च

असहमत. मी लहान धंद्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे हे रोज बघतो. 'फुकट जाहिरात झाली' म्हणणाऱ्या एकाही माणसाने स्वतःचे तास खर्चात धरलेले नसतात. व्हिडिओ काढायचा, कापायचा, वर शब्द टाकायचे, मग रात्री साडेअकराला 'रंग कोणते आहेत' याला उत्तर द्यायचं. हे तास कामातून जातात. ते ज्या दिवशी वहीत लिहाल त्या दिवशी नफ्याचा आकडा वेगळा दिसेल.

दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. फेसबुकने धंद्यांसाठी पेज सुरू केलं नोव्हेंबर २००७ मध्ये. लोकांनी वर्षानुवर्षं खपून अनुयायी जमवले, कारण तेव्हा टाकलेलं त्यांच्यापर्यंत पोचत होतं. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडून स्वतःच्या निवडीने दाखवायला सुरुवात केली. जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्ग यांनी जाहीरच केलं की यापुढे मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना प्राधान्य, धंद्यांच्या आणि माध्यमांच्या पोस्ट कमी दिसतील. म्हणजे गिऱ्हाईक तुम्ही गोळा केलं, आणि आता त्याच्याच कानावर शब्द घालायचा तर पैसे मोजा. दुकान तुमचं नाही, जागा भाड्याची आहे, आणि भाडं कधी किती वाढेल हे मालक तुम्हाला विचारून ठरवत नाही.

लिलावाचं तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, पण अर्धं. जाहिरात कोणाला दाखवायची हे त्या यंत्रणेला शिकायला आठवड्याला साधारण ५० तरी विक्री किंवा तत्सम प्रतिसाद लागतात, असं कंपनीच सांगत आली आहे. आठवड्याला सहा वह्या विकणाऱ्याची जाहिरात शिकण्याच्या पायरीवरच अडकून राहते. मोठ्या कंपनीचे ५० दुपारपर्यंत होतात.

पानापक्कड

मी यंत्रं दुरुस्त करतो. माझी तक्रार पैशांची नाही.

माझ्या धंद्यात आता दोन जातीची माणसं झाली आहेत. एक, ज्याला काम येतं. दुसरा, ज्याला काम दाखवता येतं. दोन्ही एकाच माणसात असलं तर उत्तम, पण तसं क्वचित असतं. माझ्याकडे अशी यंत्रं येतात जी आधी कोणीतरी खोलून, छान उजेडात व्हिडिओ काढून, चुकीची बसवलेली असतात. गिऱ्हाईक म्हणतं, त्याचे लाखभर बघणारे आहेत म्हणून त्याच्याकडे नेलं. मी बेअरिंगचा आवाज कानाने ऐकून सांगतो की ते किती दिवस टिकेल. हे शिकायला मला आठ वर्षं लागली. हे कॅमेऱ्यात कसं दाखवू? ऐकणाऱ्याला तो नुसता आवाज आहे.

कागदवेडीताई, तुमचं काम डोळ्यांना सुखावणारं आहे. दोरा, कापड, कागद, हाताची हालचाल. तुम्हाला ते माध्यम लाभलं याचा मला आनंद आहे. पण ज्यांचं काम चांगलं झालं की काहीच दिसत नाही, त्यांचं काय? नळ गळत नाही, वायर तापत नाही, हिशेब चुकत नाही. या न घडण्याचा व्हिडिओ होत नाही. आणि हळूहळू लोकांना वाटायला लागतं की जो दिसत नाही तो चांगला नसावा.

कागदवेडी

पानापक्कडदादा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण एक विचारते. याआधी चांगलं काम येणाराच पुढे जायचा का? तेव्हा रस्त्याला लागून गाळा असणारा पुढे जायचा. मोठी पाटी लावू शकणारा, वडिलांचं नाव चालत आलेला, गोड बोलणारा पुढे जायचा. मागच्या गल्लीतला कुशल माणूस तेव्हाही मागेच होता. निवडीची चाळणी तेव्हाही कामाची नव्हती. आत्ताच्या चाळणीतून निदान भांडवल नसलेला माणूस खाली गळून पडत नाही.

आणि बेअरिंगचं म्हणाल तर खराब आवाज आणि चांगला आवाज एकामागोमाग ऐकवा. मला स्वतःला तो ऐकायला आवडेल.

जमाखर्च, तासांचं मान्य. मी पुढच्या आठवड्यात खरंच लिहून ठेवते आणि इथे सांगते. भाड्याचं मात्र एकतर्फी वाटलं. जुलै २०२० मध्ये हजारावर कंपन्यांनी, त्यात बडी बडी नावं होती, द्वेष पसरवणाऱ्या मजकुराच्या निषेधात फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या. त्याच तिमाहीत कंपनीचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्के वाढलं. कारण तिथे त्या वेळी एक कोटीहून अधिक जाहिरातदार होते आणि त्यातले बहुतेक लहान. म्हणजे ती इमारत आपल्यासारख्यांच्या पैशांवर उभी आहे. आपल्याला पूर्ण नाराज करणं त्यांनाही परवडायचं नाही.

जमाखर्च

तुमच्याच उदाहरणातून मी उलटं शिकतो. हजार मोठे निघून गेले तरी मालकाला फरक पडला नाही. मग एक लहान निघून गेला तर? एक कोटी माणसं एकत्र नाहीत, ती एकमेकांविरुद्ध बोली लावत आहेत. संख्येची ताकद संघटना असली तरच ताकद असते. नाहीतर ती नुसती रांग.

सुईदोरा

मी शिवणकाम करते. माझा अनुभव सांगते, नाव कोणाचं घेणार नाही.

एका अ‍ॅपवर माझी सहा वर्षांची ओळख होती. तयार कपड्यांचे फोटो, मापं घेण्याच्या सूचना, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं तिथेच. एका सकाळी खातं बंद. 'नियमांचा भंग' एवढंच लिहून आलं. कोणता नियम, कोणता फोटो, काही नाही. अर्ज केला, यंत्राने उत्तर दिलं. परत केला, तेच उत्तर. तेव्हा माझ्याकडे सतरा जणींचे कपडे शिवून तयार होते आणि त्यातल्या नऊ जणींचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता, कारण बोलणं सगळं त्या अ‍ॅपमधूनच व्हायचं. पैसे आगाऊ घेतलेले. त्या नऊ जणींना मी पळून गेले असं वाटलं असेल. त्या काळजीने मी किती रात्री झोपले नाही ते सांगता येणार नाही. सात जणी कुठून कुठून शोधत आल्या. दोघींचे कपडे अजून कपाटात आहेत.

तरीही मी जमाखर्च यांच्या बाजूची नाही. मी दुसऱ्या अ‍ॅपवर पुन्हा सुरुवात केली, कारण लग्नानंतर मी घरातून काम करते, बाहेर दुकान घ्यायची ऐपत नाही, आणि माझं नाव घराबाहेर न्यायला दुसरं काही नाही. फक्त आता पहिल्याच निरोपात नंबर मागते आणि कागदाच्या वहीत उतरवते.

गिऱ्हाईक

धंदा करत नाही, फक्त विकत घेतो. अनोळखी लहान विक्रेत्याकडून घेताना मी चांगले अभिप्राय वाचत नाही, वाईट वाचतो, आणि त्याखाली विक्रेत्याने काय उत्तर दिलंय ते बघतो. 'चूक आमची, बदलून देतो' असं स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याकडून मी डोळे मिटून घेतो. हे मोठ्या कंपनीत मिळत नाही, तिथे सगळ्या तक्रारींना एकच छापील मजकूर असतो.

काळजी एकच, विकत आणलेले अभिप्राय आणि विकत आणलेले अनुयायी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये यावर बंदीचा नियम केला, हे योग्यच झालं. खोट्याचा तोटा सर्वात आधी प्रामाणिक लहान विक्रेत्यालाच होतो.

कागदवेडी

गिऱ्हाईक यांच्या मुद्द्याला जोड. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळाचा आणि उपाहारगृहांच्या उत्पन्नाचा अभ्यास मांडला. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं असं त्यात निघालं. पण हा परिणाम स्वतंत्र मालकांच्या ठिकाणी होता. साखळी कंपन्यांना ताऱ्यांनी फरक पडला नाही, आणि येल्पचा वापर वाढला तिथे साखळ्यांचा बाजारातला वाटा घटला. कारण मोठ्या नावाबद्दल लोकांना आधीच माहीत असतं, लहानाबद्दल कळायला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शब्दच लागतो. माझं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे.

सुईदोराताई, तुमचं वाचून पोटात खड्डा पडला. युरोपात २०२० पासून नियम आहे की अशा मंचाने धंद्याचं खातं बंद करताना कारण लेखी द्यायचं, आणि कायमचं बंद करायचं तर साधारणपणे तीस दिवस आधी कळवायचं. हा नियम सगळीकडे हवा. यासाठी सही गोळा करायची असेल तर माझी पहिली.

पानापक्कड

सुईदोराताईंसारखीच वही मीही ठेवतो, वीस वर्षांची आहे. कोणाचं कोणतं यंत्र, शेवटचं कधी उघडलं. सोशल मीडियावर नसूनही माझं पोट तिच्यावर चालतं. तिच्यातली माणसं माझी आहेत, मधे कोणी नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जवळपास सहा तास एकदम बंद पडले होते, आठवत असेल. ज्यांचं सगळं तिथे होतं ते हात बांधून बसले असतील.

पण आवाजाची कल्पना डोक्यात राहिली आहे. मुलीला विचारून बघतो.

कागदवेडी

आठवडा झाला, सांगितल्याप्रमाणे तास लिहिले. एकूण सात. त्यात दोन व्हिडिओचे, पाच निरोपांना उत्तरं देण्याचे. जाहिरातीवर या आठवड्यात काही खर्च केला नाही. ऑर्डरी अकरा आल्या, त्यातल्या चार जुन्या गिऱ्हाइकांच्या. आणि सुईदोराताईंचं वाचल्यापासून प्रत्येक पार्सलमध्ये माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी घालते आहे.

जमाखर्च

लिहून ठेवलंत याबद्दल आभार, फार कमी लोक ठेवतात. ते पाच तास जाहिरातीच्या खात्यात टाकू नका. गिऱ्हाइकाशी बोलणं ही दुकानदारी आहे, गाळा असता तरी तेवढं बोलावंच लागलं असतं. म्हणजे सात नव्या ऑर्डरींमागे दोन तास. हा हिशेब मला अपेक्षित नव्हता, आणि तासांबद्दलचं माझं म्हणणं तुमच्या बाबतीत मी मागे घेतो. भाड्याबद्दलचं नाही. ती चिठ्ठी घालणं मात्र थांबवू नका, आणि जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आजच उतरवून घ्या.