कार्ड खिशात राहतं, नाव तोंडात

‘चार बैठकांना गेलो, शंभर कार्डं वाटली, एकही काम आलं नाही’ ही तुमची तक्रार खरी आहे, पण तेवढ्यावरून ओळखी वाढवणं सोडू नका. काम येतं ते कुणी तिसऱ्याजवळ आपलं नाव काढतं तेव्हा.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं की नवी माहिती बहुधा जुजबी ओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. मला याचा पुरेपूर अनुभव आहे. मी पडदे शिवते. एका घरी खिडकीचं माप घेताना भिंतीचे पोपडे निघालेले दिसले, म्हणून जेमतेम दोनदा भेटलेल्या एका रंगाऱ्याचा नंबर दिला. दोन महिन्यांनी त्याच्याच एका गिऱ्हाईकाचा मला फोन आला, सात खिडक्यांसाठी! तेव्हापासून वहीत दोन रकाने ठेवते: मला कुणी काम पाठवलं, आणि मी कुणाला. दुसरा रिकामा दिसला की बेचैन होते.

आणखी एक, शक्यतो एकमेकांच्या कामाच्या जागी भेटा. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी क्लब सुरू झाला तेव्हा सभासद आळीपाळीने (इंग्रजीत ‘रोटेशन’ने) एकमेकांच्या कचेरीत जमत, नावही त्यावरूनच पडलं. शिलाई डोळ्यांनी पाहिलेला माणूस खात्रीने शिफारस करतो.

आणि कुणी गिऱ्हाईक पाठवलं तर पुढे काय झालं ते त्याला फोन करून जरूर कळवा, काम जमलं नाही तरीही. त्याने आपल्यासाठी शब्द टाकलेला असतो.