बारावीच्या इंग्रजीच्या वर्गात गाइड बंद केलं, माझ्या अपेक्षा जास्त आहेत का?

इंग्रजीचा मास्तर

सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारा वर्षं इंग्रजी शिकवतोय. यंदा जूनमध्ये बारावीच्या दोन तुकड्यांना, एक कला आणि एक विज्ञान, मी एक पानी पत्रक दिलं आणि त्यावर पालकांच्या सह्या मागितल्या. पालकसभेत त्यावरून जोरात वाद झाला आणि वेळ संपली म्हणून तो अर्धवट राहिला. तोच इथे मांडतोय.

पत्रकात एवढंच होतं. वर्गात गाइड आणायचं नाही. युवकभारती या पाठ्यपुस्तकातला धडा किंवा कविता तासाला येण्याआधी एकदा स्वतः वाचायची, समजली नाही तरी चालेल. आठवड्याला एक पान स्वतःच्या इंग्रजीत लिहायचं, मोडकंतोडकं असलं तरी. आणि दिवाळीच्या सुट्टीत एक कादंबरी पूर्ण वाचायची.

शेवटच्या अटीवर सगळे बिथरले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बारावीच्या पुस्तकात कादंबरीचा वेगळा विभाग आहे. ब्रेथवेटची 'टू सर, विथ लव्ह', ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतली पृथ्वीप्रदक्षिणा आणि कॉनन डॉयलची 'द साइन ऑफ फोर'. तिन्हींचे फक्त उतारे. 80 गुणांच्या लेखी परीक्षेत या विभागाला 16 गुण. कथानक, पात्रं, स्थळकाळ यांवरची ठरलेली उत्तरं पाठ केली की 13-14 सहज पडतात. कादंबरी म्हणजे काय चीज असते हे न कळताच मूल कादंबरीत पास होतं.

मी हट्ट का धरतोय ते सांगतो. गेल्या वर्षी सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' घेत होतो. बारा ओळींची कविता. पहाटे विणकर बाळासाठी निळं वस्त्र विणतात, संध्याकाळी राणीच्या लग्नाचा जांभळा-हिरवा शेला आणि चांदण्या रात्री प्रेतावर घालायचं पांढरं कापड. जन्म, तारुण्य, मृत्यू. गाइडमध्ये हेच आहे, मीही हेच सांगत आलो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तीन कडवी म्हणजे तीन पाळ्या. पण माणसं तीच आहेत. पाळी बदललीच नाही."

मी कविता पुन्हा वाचली. खरंच, तिन्ही कडव्यांत प्रश्न त्याच विणकरांना विचारलाय. पहाटेपासून चांदण्या रात्रीपर्यंत ती माणसं उठलेलीच नाहीत. इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. तिला दिसलं, कारण त्या दिवशी तिच्याकडे गाइड नव्हतं आणि घरी माग आहे.

मला अशी वाचणारी मुलं हवी आहेत. हे मागणं जास्त आहे का?

होटगी रोड

सर, त्या सभेत मी होतो आणि सही न करणाऱ्यांत मीही होतो. तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो.

माझा मुलगा सकाळी साडेसहाला घर सोडतो आणि रात्री साडेनऊला परततो. त्याची नीट, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा, आहे. नीटमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. इंग्रजीत फक्त पास व्हायचंय. आठवड्याला एक पान म्हणजे तुम्हाला थोडं वाटतं, पण त्याला त्यासाठी एक तास लागतो. त्या तासात जीवशास्त्राचे साठ प्रश्न सुटतात. दिवाळीच्या सुट्टीत क्लासच्या उजळणी परीक्षा असतात. कादंबरी कधी वाचायची? झोपेतून वेळ काढून?

वाचन वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही शाळेत असताना हिराचंद नेमचंद वाचनालयातून पुस्तकं आणायचो. पण ज्या वर्षी एकेका गुणानं सरकारी जागा जाते, त्याच वर्षी ही अपेक्षा लादू नका. अकरावीला लादा, नववीला लादा.

मोहोळचा शिक्षक

मीही इंग्रजीच शिकवतो, तालुक्याला. मास्तर, तुमची ती मुलगी हुशार आहे. पण माझ्या वर्गात साठ मुलं आहेत आणि त्यातल्या वीस जणांना इंग्रजीचा एक परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. दहावी पास होऊन आलेली मुलं आहेत ही.

मी उत्तरं फळ्यावर लिहून देतो. तीच तीन वेळा लिहून घेतो. त्याची मला लाज वाटत नाही. इंग्रजीत नापास झालेला मुलगा पुन्हा फॉर्म भरतो, मुलगी भरेलच असं नाही. निकाल लागला की महिन्याभरात स्थळं बघायला सुरुवात होते. हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघतोय. माझं पहिलं काम तिला 35 च्या पार नेणं. अर्ज, मुलाखतीचे प्रश्न, सारांश यांचा सराव घेतला की ते जमतं. कवितेचं रसग्रहण 4 गुणांचं. त्यासाठी मी तिचं वर्ष पणाला लावू?

साहित्य ही पोट भरल्यावरची गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला कविता आवडते. पण पत्रक काढण्याआधी वर्गात कोण बसलंय ते बघा.

इंग्रजीचा मास्तर

मोहोळचे सर, तुमच्या मुलींबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहिली सात वर्षं मीही फळ्यावर लिहूनच देत होतो, तेव्हा तुमच्यावर बोट दाखवायचा मला अधिकार नाही.

मी ते का सोडलं ते मात्र ऐका. एका सराव परीक्षेत मुलांनी वापरलेल्या गाइडमध्ये 'हर'च्या जागी 'हिज' छापलं होतं. एकतीस उत्तरपत्रिकांत सरोजिनी नायडू पुरुष झाल्या. त्यातल्या निम्म्या मुलांना 'हर' आणि 'हिज' यातला फरक नक्की येत होता, तोंडी विचारलं तर लगेच सांगितला. पण लिहिताना त्यांनी स्वतःचं डोकं बाजूला ठेवलं होतं. त्यांना तशी सवय मीच लावली होती. त्या संध्याकाळी गठ्ठा तपासून झाल्यावर मला फार वाईट वाटलं.

पूर्वभागातला बाप

नमस्कार सर. मी पूर्व भागात, सोलापूरच्या विणकरवस्तीत, यंत्रमागावर आहे. तुम्ही लिहिलेली मुलगी माझी नाही, पण माझीही मुलगी यंदा तुमच्याच वर्गात आहे. सही मी केलीय.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. माझे आजोबा करीमनगरकडून आले. मुलगी शाळेत मराठी शिकली आणि आता पेपर इंग्रजीत. तीन भाषा झाल्या. मला इंग्रजी येत नाही, पण परवा तिनं ती विणकरांची कविता मला तेलुगूत सांगितली. मी म्हणालो, हे हातमागवाले असणार. तिनं विचारलं, कशावरून? मी म्हणालो, कुणीतरी येऊन विचारतंय आणि ते उत्तर देतायत, म्हणजे ऐकू येतंय. आमच्या शेडमध्ये शेजारच्याला काही सांगायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. आजोबा मात्र हातमागावर बोलत बोलत विणायचे. ते तिनं तुमच्या वहीत लिहिलंय. बघा की तुम्ही.

पण एक अडचण सांगतो. घर एका खोलीचं. तिची आई विड्या वळते. हजार विड्या झाल्या की मजुरी. संध्याकाळी पोरगी पानं कातरून देते. ती वही घेऊन बसली की तिच्या वाटणीची पानं आई रात्री अकरानंतर कातरते. मी काही बोलत नाही, आईही बोलत नाही, पण पोरीला ते दिसतं. ती लवकर लवकर लिहून उठते. तुम्ही पोरांना वाचायला लावा, जरूर लावा. पण घरी नको. तुमच्याकडेच लावा.

अॅडव्होकेट, माजी विद्यार्थिनी

मी पूर्णपणे सरांच्या बाजूनं आहे आणि कारण स्वतःचंच आहे. मी बारावीला इंग्रजीत 78 मिळवले, सगळे पाठांतराचे. विधी शाखेच्या पहिल्या वर्षी चाळीस पानांचा निकाल हातात आला तेव्हा तिसऱ्या पानावर मी रडले. शब्द अडत नव्हते, ते कोशात सापडतात. अर्थ सांगणारं कुणी शेजारी नसताना पुढे वाचत राहायचं असतं, अर्धवट समजलेलं मनात धरून पुढच्या पानावर जायचं असतं, ही गोष्ट मला कुणी शिकवलीच नव्हती. दोन वर्षं गेली ते शिकायला.

होटगी रोडचे काका, तुमचा मुलगा डॉक्टर झाला तर त्याची सगळी पुस्तकं इंग्रजीत असतील आणि जाडजूड असतील. बारावीच्याच पुस्तकात अच्युत गोडबोल्यांचा धडा आहे. सोलापुरात वाढलेला माणूस. आयआयटीत शिकला, संगणकाच्या क्षेत्रात मोठा झाला आणि आयुष्यभर विषयामागून विषय स्वतः वाचत गेला. विज्ञान आणि वाचन यांचं वैर आहे हे कुणी ठरवलं?

होटगी रोड

ताई, गोडबोल्यांच्या काळात नीट नव्हती. आणि ते बारावीच्या दिवाळीत काय वाचत होते हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. तुमचं दुःख खरं आहे, पण ते पहिल्या वर्षाचं दुःख होतं. माझा मुलगा त्या पहिल्या वर्षापर्यंत पोचायचाय अजून.

वाचनालयातला

मला वेगळाच आक्षेप आहे. वाचायला लावा, पण काय वाचायला लावताय ते बघा. 'द साइन ऑफ फोर' 1890 ची. त्यात अंदमानच्या आदिवासीचं जे वर्णन आहे ते पूर्ण पुस्तकात वाचलं तर अंगावर येतं. माणूस म्हणून नव्हे, हिंस्र जनावर म्हणून त्याला रंगवलंय. सतरा वर्षांचं मूल एकट्यानं, सुट्टीत, घरी ते वाचणार आणि त्याबद्दल बोलायला कुणी नसणार. सर, याचा विचार केलात का?

त्यापेक्षा ब्रेथवेट वाचू द्या. गयानातून आलेला काळा माणूस, इंजिनिअर, कातडीच्या रंगामुळे नोकरी मिळेना म्हणून लंडनच्या ईस्ट एंडला मास्तर झाला. ईस्ट एंड म्हणजे त्यांचा पूर्व भाग. गोदी कामगारांची, गरिबांची वस्ती. अशोक चौकापलीकडच्या, म्हणजे आपल्या पूर्व भागातल्या मुलांना ते पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही.

बारावी विज्ञान

मी सरांच्याच वर्गात आहे, नाव सांगत नाही. खरं सांगते, मी गाइड घरी वाचते. सगळेच वाचतात. वर्गात नसतं एवढंच. पण वर्गात नसतं म्हणून तासाला पुस्तकात बघावं लागतं, हे मला आवडायला लागलंय.

सर, एक विनंती आहे. आठवड्याच्या पानाला गुण देऊ नका. तुम्ही अंतर्गत 20 मध्ये ते धरणार असं कुणीतरी पसरवलंय आणि तेव्हापासून आमच्यातले काही जण मोबाइलकडून लिहून घेतायत. "सोपं इंग्रजी, दोन चुका ठेव" असं सांगतात. तुम्हाला ओळखू येत नाही. गुण नसतील तर ज्यांना लिहायचंय ते खरं लिहितील, बाकीचे कोरं देतील. कोरं पान बरं ना?

इंग्रजीचा मास्तर

बेटा, बरं झालं सांगितलंस. पानाला गुण नाहीत, उद्याच वर्गात सांगतो.

सगळ्यांचं वाचून पत्रक बदलतोय. पूर्व भागातले दादा म्हणाले ते मला आधीच सुचायला हवं होतं. आठवड्यातल्या दोन तासिका फक्त वाचण्या-लिहिण्यासाठी. मी शिकवणार नाही, वर्गात फिरत राहीन आणि अडलं तर सांगेन. ते एक पान तिथेच लिहायचं. कादंबरी सक्तीची नाही. ब्रेथवेटची पहिली दोन प्रकरणं सगळे मिळून वर्गात वाचू, पुढे ज्याला वाटेल तो वाचेल. डॉयल कुणी घेतला तर त्या वर्णनाबद्दल वर्गात बोलल्याशिवाय सोडणार नाही. गाइड मात्र वर्गात बंदच.

दादा, तुमच्या मुलीचं पान काल रात्री वाचलं. हातमागावर बोलता येतं, यंत्रमागावर येत नाही, हे तिनं सहा ओळींत लिहिलंय. चार चुका आहेत. मी एकही लाल केली नाही.

होटगी रोड

दोन तासिका गेल्या तर अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार? माझा विरोध कायम आहे. पण घरचा वेळ जाणार नसेल तर सही करतो.

पूर्वभागातला बाप

सर, तिला कधी कधी तेलुगूत आधी सुचतं. तसं लिहिलं तर चालेल का? तेलुगू अक्षरं तिला येत नाहीत, मराठी अक्षरांतच लिहील.

इंग्रजीचा मास्तर

चालेल. मला समजणार नाही, तर तिलाच वाचून सांगायला लावीन. नंतर आम्ही दोघं मिळून इंग्रजीत आणू.

मोहोळचा शिक्षक

इथे मात्र मी ठाम विरोधात आहे. परीक्षेत तिच्या शेजारी तुम्ही बसणार नाही. तिला ते इंग्रजीतच सुचायला हवं आणि ते सरावानंच येतं, माझ्यासारख्या रटाळ सरावानं. तुम्ही मुलीला मान देताय, पण पेपर तपासणारा तिला ओळखत नाही.

एक करू. पहिल्या सत्राच्या परीक्षेत दोघांनी कवितेचा एकच प्रश्न घालू, पुस्तकाबाहेरच्या कवितेवर. तुमचे पेपर मी तपासतो, माझे तुम्ही तपासा. माझी मुलं कोरं पान ठेवतात की तुमची, ते बघू. कविता तुम्ही निवडा, फक्त विणकरांची नको.