दोन आरसे, दोन आयरिस

लेझरचा बीम दोन आयरिसच्या (लहान-मोठं करता येणाऱ्या गोल भोकाच्या पडद्यांच्या) मधोमध नेताना, लांबच्या आयरिसवर बीम आणला की जवळच्यावरचा सरकतो, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा दोन्ही वेळा एकाच आरशाचे स्क्रू फिरवताय. एका आरशाने बीमची जागा आणि दिशा दोन्ही साधत नाहीत, दोन आरसे लागतातच. लेझरकडच्या आरशाने जवळचा आयरिस साधायचा, दुसऱ्याने लांबचा, मग पुन्हा पहिला. दर फेरीला फरक कमी होत जातो. जवळचा आयरिस दुसऱ्या आरशाला अगदी लागून ठेवा, म्हणजे तो आरसा हलवला तरी तिथला ठिपका फारसा हलत नाही. दोन्ही आयरिसची उंची मात्र आधीच सारखी करून घ्या, आणि टेबलावरच्या २५ मिलिमीटर अंतराच्या भोकांची एकच ओळ धरून ते सरळ रेषेत ठेवा.

आणि कळकळीने सांगतो, घड्याळ-अंगठी काढून ठेवा (त्यांवरून बीम उसळतो), बीमच्या उंचीला डोळे आणू नका. तुमचा रुबिडियम अणूंसाठीचा ७८० नॅनोमीटरचा लेझर जेमतेम अंधुक लाल दिसतो, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, पण डोळ्याचं भिंग तो सगळा प्रकाश दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करतं. पॉवर कमी ठेवून, त्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा लावून, ठिपका आयआर कार्डावरच (अवरक्त प्रकाश पडला की उजळणाऱ्या कार्डावर) बघा.