मध्य प्रदेशात कोळशाविरुद्ध कायदा हवाच कशाला?

राजेंद्रनगरकर: काल इथे एकानं लिहिलं, "कॅलिफोर्नियासारखा कायदा आपल्या विधानसभेनं केला की कोळसा संपला." डोकंच फिरलं. 2018 च्या त्या कायद्यात सगळी वीज प्रदूषणमुक्त करायला 2045 ची मुदत आहे. दोनच वर्षांत, ऑगस्ट 2020 मध्ये, ऊन उतरल्यावर तिथे आळीपाळीनं वीज तोडावी लागली. 2022 मध्ये डायब्लो कॅनियनचं अणुकेंद्र चालू ठेवायला पुन्हा कायदा करावा लागला. आपली सगळ्यात जास्त मागणी हिवाळ्यात, गव्हाच्या पाण्याला. रात्री खंडव्याकडच्या सिंगाजी वीजकेंद्राचा कोळसाच धावून येतो. आणि रीवाचं 750 मेगावॉटचं सौरकेंद्र कुठल्या कायद्यानं आलं? 2017 च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2.97 रुपये निघाला, म्हणून आलं!

शिप्राकाठ: काका, गव्हाला पाणी रात्रीच द्यायचं असं कोणी ठरवलं? आमचं शेत सांवेरकडे. पंपाची थ्री-फेज वीज रात्री आली की बाबा कानटोपी घालून, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं, जानेवारीच्या चिखलात दारं धरतात. सापाची भीती वेगळीच. दिवसा वीज द्या, उन्हाचीच वीज उन्हात वापरली जाईल. रीवाचं कबूल. पण मुदत लिहिलेली नसली की कोळशाचा नवा करार होतो तो पंचवीस वर्षांचा. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, स्थिर आकार द्यावाच लागतो, आणि तो येतो आपल्याच बिलात.

सुदामानगरची ताई: आधी आमच्या मल्टीच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, गच्चीचं बोला. वरच्या मजल्यावाल्यांनी टाकीला लागून पत्र्याचं शेड ठोकलंय, दुपारनंतर निम्म्या गच्चीवर सावली. सोलरचा विषय काढला की म्हणतात, कुरडया कुठे वाळवायच्या? बंगलेवाल्यांना 3 किलोवॉटला 78,000 अनुदान, आम्हाला भांडणं.

जुना इंदूरकर: सोसायटीलाही मिळतं, किलोवॉटमागे 18,000. लिफ्ट आणि पंप त्यावर चालतात. सभेत ठराव करा.

सुदामानगरची ताई: ठराव? शेडवाला स्वतःच सचिव आहे! मागच्या सभेत मला म्हणाला, "बायकांनी यात पडू नये." तुम्ही या आणि करून दाखवा ठराव.

जुना इंदूरकर: माझ्यावर कशाला चिडता? कुरडया चार दिवस, बिल बारा महिने, एवढंच म्हणतोय.

राजेंद्रनगरकर: गच्ची पुरे! नर्मदेचं पाणी वर चढवायच्या बिलानं इंदूर महापालिका वाकली, तेव्हा 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे हरित कामासाठीचे कर्जरोखे, काढून जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प घेतला. कायदा नव्हता, गरज होती.

शिप्राकाठ: महापालिका स्वतःचं बिल स्वतः भरते, म्हणून तिला गरज कळली. वीज कंपनी तोटा आपल्यावर ढकलते, तिला कशी कळणार? वीज घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्राबरोबर विधानसभेलाही हात घालता येतो.

राजेंद्रनगरकर: बरं, कोळशाचे नवे करार बंद, एवढ्यापुरता कायदा करा. 2045 वगैरे तारखा नकोत.

शिप्राकाठ: तारीख नसेल तर जुने करार संपताना मुदतवाढ मागायला सगळे रांगेत उभे राहतील. तारीख हवीच, आणि शेतीला दिवसा वीज त्याच कायद्यात लिहा.