बी विंग अभ्यासमंडळ: पीडीएफ कुठे ठेवायच्या?

बी-५०४ काका: डेंग्यूच्या डासांवरचा तो लेख कुणी पुन्हा टाकाल का? फोनमध्ये '१-एस२.०-एस' नावाच्या चार फायली आहेत. दोन तर एकच निघाल्या, तिसरी सोलरची, चौथी उघडेचना.

बी-२०१: काका, म्हणून तर गेल्या महिन्यात झोटेरोवर, म्हणजे लेख साठवायच्या ॲपवर, ग्रुप लायब्ररी उघडली. झोटेरो फुकट आहे, २००६ पासून चालू आहे. लॅपटॉपवर पीडीएफ आत ओढली की शीर्षक, लेखक, वर्ष आपोआप लागतं. जुनं स्कॅन असेल तर हाताने भरा.

बी-३०२ काकू: अगं, माझे चार लेख मी ग्रुपमध्ये ओढले. मग रात्री जेवणं आटोपून बसून पिवळ्या खुणा केल्या. कुणालाच दिसत नाहीयेत!

बी-२०१: काकू, खुणा तुमच्या 'माय लायब्ररी'तल्या प्रतीवर केल्यात. ग्रुपमध्ये ओढलं की वेगळी प्रत होते. शेजारणीला वाटीत आमटी दिली आणि मग आपल्या पातेल्यात मीठ घातलं, तर तिच्या वाटीत कसं जाणार? ग्रुपमधली प्रत काढा, ग्रुपच्या ट्रॅशमधूनही कायमची काढा, मग पुन्हा ओढा. खुणा सोबत जातील. पुढच्या खुणा मात्र ग्रुपच्याच प्रतीवर करा.

बी-३०२ काकू: 😀 आमटीचं बरोबर कळलं.

बी-२०१: आणि एकच लेख 'डेंग्यू' आणि 'पाणी साठवण' दोन्ही फोल्डरांत दिसला तर घाबरू नका, नोंद एकच असते. रविवारी कुणीतरी (नाव घेत नाही, ७०२) 'डबल दिसतंय' म्हणून ट्रॅशमध्ये टाकला, दोन्हीकडून गेला. नुसतं फोल्डरमधून काढायचं तर 'रिमूव्ह फ्रॉम कलेक्शन'.

बी-७०२: साफसफाई करत होतो हो. बरं, मुलगा पवईला आयआयटीत आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारच्या जर्नल योजनेवरून सगळे लेख उतरवून टाकेल.

बी-२०१: दादा, ते जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांतल्यांसाठी सुरू झालंय, आपल्या बिल्डिंगसाठी नाही. अशा लेखाची फाइल नको, नुसती नोंद आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाका. खुले लेखही तसेच, लिंकवरून उघडतात. फुकटची जागा ३०० एमबी, आणि ग्रुपच्या फायली ग्रुपच्या मालकाच्या खात्यातून कापल्या जातात. मालक मी, आणि माझा थिसिस तिथेच आहे.

बी-७०२: मग जागा विकत घेऊ. किती?

बी-२०१: २ जीबीला वर्षाला २० डॉलर.

बी-७०२: मेंटेनन्समधून?

बी-३०२ काकू: त्याला एजीएम लागेल. मागच्या वेळी कुंड्यांवरून दोन तास गेले होते.

बी-५०४ काका: सगळं ठीक, पण डासांचा लेख?

बी-२०१: 'डेंग्यू' फोल्डरमध्ये पहिलाच, काका.

बी-५०४ काका: लॅपटॉप नातवाकडे आहे. इथेच टाक ना.