लेहला विमानाने जावे की बसने? (सोबत ६४ वर्षांची आई)

सहप्रवासी :
सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि माझी आई लडाखला जाणार आहोत. जाणे-येणे धरून हाताशी ९ दिवस आहेत. दिल्लीहून विमानाने सव्वा तासाच्या आसपास लेह गाठता येते, तर मनालीमार्गे बसने जायचे म्हटले की वाटेत किमान एक मुक्काम आणि सुमारे ४३० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आला. आमचे एक नातेवाईक ठामपणे सांगतात की रस्त्याने गेल्यास उंचीची सवय वाटेतच होते, विमानाने गेलेला माणूस मात्र लेहला उतरताच आजारी पडतो. दुसरे नातेवाईक तितक्याच ठामपणे याच्या उलट सांगतात. आईला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, रक्तदाब आटोक्यात आहे आणि ती रोज तासभर चालते. खर्चातील फरक माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. ज्यांनी दोन्ही प्रकारे प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा :
आपल्या पहिल्या नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि घोटाळा त्या उरलेल्या अर्ध्यातच आहे. उंचीची सवय होते की नाही हे आपण विमानाने गेलो की बसने, यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो यावर अधिक अवलंबून असते. मनाली २,०५० मीटरवर आहे, वाटेतले केलाँग सुमारे ३,०८० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर. एवढेच आकडे पाहिले तर चढण सौम्य वाटते. परंतु मधल्या टप्प्यात रस्ता बारालाचा, नकी आणि लाचुलुंग या खिंडी ओलांडून शेवटी ५,३२८ मीटर उंचीच्या तंगलंग खिंडीवर जातो, आणि पर्यटकांच्या बहुतेक खासगी गाड्या दोन दिवसांच्या प्रवासात रात्रीचा मुक्काम सरचूच्या तंबूंत करतात. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा जवळजवळ ८०० मीटर उंचावर आहे! सवय व्हावी म्हणून रस्त्याने जायचे आणि पहिलीच अवघड रात्र मुक्कामाच्या गावाहूनही उंचावर काढायची, हा उलटा न्याय झाला.

त्यातली खरी अडचण नकाशा नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. उंचीचा त्रास वाढल्यास खाली उतरणे हा मुख्य उपाय असतो; पण सरचूहून खाली उतरण्यासाठी कोणत्याही दिशेने आधी वरच चढावे लागते. एकीकडे बारालाचा, दुसरीकडे नकी आणि लाचुलुंग. मी तिथे एका सहप्रवाशाला रात्रभर उलट्या करताना पाहिले आहे. गाडीवाल्याने प्राणवायूचे नळकांडे सोबत असल्याचे निघताना सांगितले होते. प्रत्यक्षात ते रिकामे निघाले.

गंमत अशी की या बाबतीत हिमाचलची साधी सरकारी बस अधिक शहाणी ठरते, कारण ती केलाँगहून पहाटे निघते आणि सरचूला न थांबता संध्याकाळी किंवा रात्री लेहला पोचवते. केलाँगला दोन रात्री राहून त्या बसने गेल्यास झोपण्याची उंची ३,०८० वरून थेट ३,५०० वर येते, आणि हे शरीराला मानवणारे आहे. मात्र दिवसाचे १४ तास बाकावर बसून काढावे लागतात आणि त्यातले कित्येक तास साडेचार हजार मीटरच्या वर जातात. आपल्या आईंना मी हे सुचवणार नाही.

पहाटवारा :
मी दोनदा विमानाने गेलो आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. लेहची विमाने बहुतांशी सकाळीच येतात-जातात, कारण दुपारी खोऱ्यात वारा उठतो आणि ऊन तापले की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होऊन विमानाला उचल कमी मिळते. त्यामुळे सकाळी ढगांमुळे विमान रद्द झाले तर बहुधा दुसऱ्या दिवसाचीच वाट पाहावी लागते. परतीच्या वेळी माझे असेच झाले आणि पुढची सगळी आरक्षणे वाया गेली. शेवटचा एक दिवस मोकळा ठेवाच.

दुसरी गोष्ट म्हणजे उतरल्यावर येणारा फसवा उत्साह. उंचीचा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे सकाळी ठणठणीत वाटते. मी त्याच भरात पहिल्या दिवशी दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो आणि रात्री डोके धरून बसलो. दुसऱ्या खेपेस ४८ तास काहीही केले नाही आणि काहीही झाले नाही. शिवाय लेहमध्ये रुग्णालय आहे, प्राणवायू मिळतो आणि गरज पडल्यास सकाळच्या विमानाने खाली जाता येते. सरचूला यातले काहीच नाही.

नाडीपरीक्षा :
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून थोडेच पण नेमके लिहिते. आटोक्यात असलेला रक्तदाब ही सहसा या प्रवासाला आडकाठी ठरत नाही, तरीही निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि ॲसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे औषध) घ्यावे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे; थेट विमानाने लेहला जाणारा माणूस तो मोडतोच, म्हणून तिथली दोन दिवसांची विश्रांती सक्तीची समजावी. पहिले काही दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डोके दुखत असताना पुढच्या उंचीवर जाऊ नये. चालताना झोक जाणे, बोलण्यात असंबद्धता किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सिंधुकाठ :
चर्चा मनालीभोवतीच फिरते आहे, म्हणून श्रीनगरचा रस्ता सुचवतो. अंतर जवळपास तेवढेच, सुमारे ४२० किलोमीटर, पण उंचीचा आलेख पुष्कळ सौम्य आहे. जोजी खिंड ३,५२८ मीटरवर, तर या रस्त्यावरची सर्वांत उंच फोतू खिंड ४,१०८ मीटरवर आहे. तीही तासाभरात मागे पडते. बस श्रीनगरहून निघून रात्री कारगिलला थांबते. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथून लेहला थेट न जाता आल्चीला एक रात्र राहिलात, तर सुमारे ३,१०० मीटरची मधली पायरी मिळते आणि तिथल्या प्राचीन मठातील भित्तिचित्रेही पाहून होतात. आईंना चढावे असे काही लागत नाही, कारण इतर अनेक गोंपांसारखा हा मठ टेकडीवर नसून सपाटीवर आहे. परतताना मात्र लेहहून विमान घ्यावे. खाली येताना उंचीची चिंता नसते आणि दोन दिवस वाचतात. (मोबाइलचे पोस्टपेड कार्ड न्यावे. बाहेरचे प्रीपेड तिथे चालत नाही.)

सहप्रवासी :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी ‘विमान की बस’ असा प्रश्न विचारत होतो, तेव्हा जाताना एक आणि येताना दुसरे हा पर्यायच डोक्यात आला नव्हता. आता असे योजले आहे : पहिल्या दिवशी श्रीनगर, दुसऱ्या दिवशी कारगिल, तिसऱ्या दिवशी आल्ची, चौथा आणि पाचवा दिवस लेह, सहाव्या-सातव्या दिवशी नुब्रा खोरे, आठव्या दिवशी सकाळचे परतीचे विमान आणि नववा दिवस राखीव. पँगाँग सोडून दिले आहे. आईला ते वाईट वाटेल असे वाटले होते, पण ‘सरोवर कुठे पळून जात नाही’ म्हणाली. एकच शंका उरली : बस आल्चीपर्यंत जाते का?

सिंधुकाठ :
लेहकडे जाणारी बस महामार्गावरूनच जाते. आल्ची सिंधूच्या पलीकडे, महामार्गापासून काही किलोमीटर आत आहे. सामान आणि आई सोबत असताना कारगिलहून सकाळची टॅक्सी थेट आल्चीपर्यंत ठरवावी, आणि दुसऱ्या दिवशी लेहला नेणारी गाडी आल्चीच्या अतिथिगृहवाल्यांनाच सांगून ठेवावी. नुब्राला जाताना ५,३५९ मीटरची खारदुंग खिंड लागते. तिथे छायाचित्रापुरते उतरावे आणि पंधरा-वीस मिनिटांत पुढे निघावे.