निवड माझी, पण कुर्ता पूर्ण बाह्यांचा

"वॅक्सिंग ही माझी निवड, त्यात स्त्रीवाद कशाला आणायचा?" हे मला अर्धंच पटतं. जिलेटने बायकांसाठीचा रेझर १९१५ मध्ये अमेरिकेत आणला, बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन येत होती तेव्हा. काखेतल्या केसांची लाज वाटायला हवी, हे जाहिरातींनी पद्धतशीर शिकवलं.

मी स्वतः वॅक्सिंग करते, खोटं कशाला बोलू? पण गेल्या मे महिन्यात वेळच झाला नाही, तर त्या उकाड्यात आठवडाभर ऑफिसला पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालून गेले. कुणी काही बोललं नव्हतं हं! शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र अर्ध्या बाह्यांत निवांत, हातावर माझ्या चौपट जंगल. वॅक्सिंगला निवड म्हणेनही एकवेळ, त्या कुर्त्यांना काय म्हणू?